नोंदणीकृत सिस्टर की जुन्या मावशी? तालुक्याच्या दवाखान्यासाठी तुलनात्मक आढावा

चोपडा, पारोळा किंवा शहादा यांसारख्या तालुक्याच्या गावी एका डॉक्टरचा दवाखाना चालवणाऱ्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच: पंधरा-वीस वर्षे सोबत असलेल्या, पण कोणताही अभ्यासक्रम न केलेल्या मदतनीस मावशींवर काम चालू ठेवावे, की शिकलेली, नोंदणीकृत परिचारिका नेमावी? माझ्या दवाखान्यात काही काळ दोघीही होत्या. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहता आल्या आणि त्यांच्यातली धुसफूसही.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, आणि तो पूर्ण करणाऱ्यांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. या शिक्षणाचा उपयोग सुई टोचण्याच्या कौशल्यात फारसा दिसत नाही. तिथे आमच्या मावशींचा हात इतका हलका होता की रुग्ण त्यांनाच मागत. फरक सुईच्या आधी आणि नंतर दिसतो. सिस्टर अँप्युलवरचे (इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या लहान कुपीवरचे) नाव वाचून, पूर्वी कोणत्या औषधाची रिॲक्शन आली होती का हे विचारून मगच औषध भरत असे, आणि इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बाकावर बसवून ठेवत असे. अंगावर गांधी उठून दम लागला, तर प्रौढ माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अर्धा मिलिलिटर ॲड्रेनलिन द्यायचे, हे तिला माहीत होते आणि ते हाताशी तयार असे. मावशींना एखादे औषध एवढेच का, असे विचारले, तर ‘साहेब नेहमी तेवढंच देतात’ हे उत्तर मिळे.

कायद्याची बाजूही याच ठिकाणी येते. दिल्लीतील एका रुग्णालयात पात्रता नसलेल्या परिचारिकेने लहान मुलाला भलतेच इंजेक्शन शिरेतून दिले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख रुपयांची भरपाई कायम ठेवली, आणि जबाबदारी रुग्णालयावरच राहिली. मावशींच्या हातून चूक झाली, तर उत्तर देण्याची पाळी आपल्यावर येते. औषधाच्या पुड्यांबाबतही तसेच आहे: फार्मसी अधिनियम 1948 च्या कलम 42 प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते, आणि त्यातली सवलत डॉक्टरने स्वतःच्या रुग्णांना औषध देण्यापुरती आहे, मावशींसाठी नाही.

मावशींच्या पारड्यात जे पडते, ते मात्र कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. बाजाराच्या दिवशी बाकावर पन्नास माणसे बसलेली असताना कोणाला आधी आत सोडायचे, हे त्या चेहरा पाहून ठरवत. एकदा एका म्हातारीने सिस्टरला अहिराणीत फक्त ‘पोटमा आग पडस’ एवढेच सांगितले आणि केसपेपरवर पित्त लिहिले गेले. मावशींनी शेजारी बसून ‘कितला दिन व्हयनात, माय?’ असे विचारत विचारत काळ्या शौचाची (पोटात रक्तस्राव होत असल्याच्या खुणेची) गोष्ट बाहेर काढली, आणि त्या म्हातारीला त्याच दुपारी जळगावला पाठवावे लागले.

वाद पेटतो तो सहीवरून आणि झाडूवरून. सिस्टर म्हणे, ‘इंजेक्शन त्यांनी भरलेलं, मग सही माझी कशी?’ मावशींचा राग निराळा होता: ‘अठरा वर्षं मी टोचते, आता ही कालची पोर मला अँप्युल वाचायला शिकवणार?’ दोघींचेही खरे होते. फरशी पुसायला सांगितल्यावर सिस्टरने नकार दिला, आणि तेही मला चूक वाटले नाही. चूक माझी होती, कारण कोणाचे काम काय हे मी कधी कागदावर लिहिलेच नव्हते. त्यात रुग्ण दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणत आणि मी ते चालू दिले.

पगाराच्या हिशेबात मावशी परवडतात आणि टिकतात. सिस्टर सरकारी भरतीची जाहिरात निघाली की जाण्याची शक्यता धरूनच चालावे.

दवाखान्यात खाटा ठेवून रुग्ण भरती करणार असाल, तर 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली येता आणि पात्र परिचारिकेला पर्याय उरत नाही. फक्त तपासणी आणि चिठ्ठी एवढेच काम असेल, तर एकट्या मावशी पुरेशा आहेत. बहुतेक दवाखाने या दोन्हींच्या मधले असतात: दिवसाला दहा-पंधरा इंजेक्शने, अधूनमधून सलाईन. तिथे मी अर्धवेळ एएनएम आणि पूर्णवेळ मावशी असा मेळ घालीन. इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली सिस्टरकडे, नंबर आणि केसपेपर मावशींकडे. मावशींचा पगार एक रुपयानेही कमी करायचा नाही, आणि ही वाटणी दोघींना एकत्र बसवून, सिस्टर रुजू होण्याआधीच सांगायची. सिस्टर रजेवर असेल त्या दिवशी, बाजाराचा दिवस असला तरी, इंजेक्शन डॉक्टरने स्वतः द्यावे.