पेंटॅक्स के१००० आणि ड्रॅग रेस: काही महिने वापरल्यानंतर

आधीच सांगून टाकतो: ड्रॅग रेस, म्हणजे सरळ रस्त्यावरची पाव मैलाची, ४०२ मीटरची शर्यत टिपण्यासाठी के१००० हा जुना फिल्मचा कॅमेरा नाही. शटर जास्तीत जास्त १/१००० सेकंद, फिल्म आपोआप पुढे सरकवणारी मोटार ड्राइव्ह नाही, दर फोटोनंतर अंगठ्याने लिव्हर ओढायची. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी १/१००० सेकंदातही पावणेतीन सेंटीमीटर पुढे सरकते. तरी दिवाळीनंतर इंदूरच्या आसपास जिथे जिथे ड्रॅग बघायला गेलो, तिथे हाच गळ्यात होता.

कारण ड्रॅगचा दिवस म्हणजे मुख्यतः वाट बघणं. गाडी धावते काही सेकंद, बाकी सगळा वेळ पोरं आरएक्स १००चा प्लग काढून पुसतायत, कुणी टायरमधली हवा कमी करतोय, कुणाचे वडील लांब उभे राहून लक्ष नसल्यासारखं दाखवतायत. हे सगळं ५० एमएमच्या लेन्सने, सावकाश, प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई मध्यावर आणत काढता येतं. शिवाय हा कॅमेरा बघून माणसं स्वतःहून बोलतात. ‘भिया, ये अभी भी चलता है?’ एवढं विचारून झालं की तो माणूस कॅमेऱ्यासमोर अवघडत नाही. मोठी झूम लेन्स लावलेल्यांना हे सुख नाही.

बर्नआउट हा माझा सगळ्यात लाडका भाग. टायर तापावा, त्यावरची माती-खडी निघावी, म्हणून तो जागेवरच फिरवतात. गाडी जवळजवळ स्थिर, चाक आणि धूर तेवढे हलतायत. इथे १/६० ठेवा, चाक छान फिरलेलं येतं. मग सिग्नल. नेहमीच्या पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि मग हिरवा. पक्का चालक हिरव्याची वाट बघत नाही, शेवटच्या पिवळ्यालाच क्लच सोडतो. आपणही तिथेच बटण दाबायचं. फोकस आधीच सुरुवातीच्या रेषेवर लावून ठेवायचा, कारण ऑटोफोकस हा प्रकारच नाही.

धावत्या गाडीच्या फोटोत मात्र एक गंमत होते. याचा कापडी पडदा आडवा सरकतो, आणि १/६०च्या वर तो एका फटीतूनच फिल्म उजळत नेतो. त्यामुळे कॅमेरा स्थिर धरला तर गाडी एका दिशेने किंचित लांबट, उलट दिशेने किंचित आखूड येते. गाडीबरोबर कॅमेरा फिरवला तर हे जाणवत नाही. मला लांबट गाड्या आवडतात, तो भाग वेगळा. लांबचं जवळ आणणारी १३५ एमएमची लेन्स घेतली होती, पण जाळीमागून तिचा फारसा उपयोग होत नाही.

फिल्म बहुतेक वेळा एचपी५ ही कृष्णधवल वापरतो. धूर, डांबर, काळं लेदर, यांना रंगाची गरज नाही. दुपारच्या उन्हात तिचा ४०० आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) जास्तच होतो, पण लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं लहान आणि शटर १/५०० ठेवून काम निभतं. एका रोलात ३६ फोटो, त्यामुळे निम्म्या शर्यती आपण नुसत्या बघतो. मला वाटतं पैसे याच्यासाठीच वसूल होतात. रंगीत रोल मुंबईला पाठवतो, कृष्णधवल घरीच धुतो. डेव्हलपर २० अंशांवर हवा, आणि आपल्याकडे मार्चपासूनच टाकीचं पाणी त्याच्या कितीतरी वर. बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ती परात परत देताना आईचे चार शब्द.

कॅमेऱ्याची खरी खोड एकच: मीटरला बंद करायचं बटण नाही. प्रकाश पडत राहिला की बॅटरी उतरत राहते, म्हणून लेन्सवर झाकण हवंच. लागणारी एलआर४४ ही बटणाएवढी बॅटरी कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळते. आणि ती संपली तरी शटर चालतं, पूर्ण यांत्रिक आहे.

१९७६ ते १९९७ एवढा काळ हा बनत होता, त्यामुळे जुन्या बाजारात सहज सापडतो. घेताना रोल न भरता मागचं झाकण उघडा, उजेडाकडे धरून १/१००० वर शटर मारा. चौकटीच्या एका बाजूला अंधार दिसला तर घेऊ नका, त्या दुरुस्तीला चांगला कारागीर मिळणं कठीण. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, तो घरी बदलता येतो. आणि मीटर मेलेलं असेल तर भाव पाडून खुशाल घ्या. ट्रॅकवरच्या उन्हात एफ/१६ आणि शटर साधारण १/आयएसओ (४०० च्या फिल्मला १/५००), एवढ्यावर भागतं.