लूपमध्ये मजकूर जोडायचाय: एसएनप्रिंटएफ की ओपन_मेमस्ट्रीम?

सी भाषेत एकच ओळ बनवायची असेल तर फार विचार नको, एसएनप्रिंटएफ वापरा: बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या राखलेल्या जागेत, दिलेल्या मर्यादेपर्यंतच मजकूर लिहिणारं फंक्शन. सी९९ पासून (सीच्या १९९९ च्या आवृत्तीपासून) ते स्टँडर्डमध्ये आहे, स्टॅकवरच्या (फंक्शनपुरत्या मेमरीतल्या) बफरवर चालतं, मॅलॉक करून वेगळी मेमरी मागावी लागत नाही. प्रश्न येतो तो लूपमध्ये तुकडे जोडत लांब मजकूर तयार करताना. मी वर्षानुवर्षं तेही एसएनप्रिंटएफनेच केलं आणि एकदा चांगलाच अडकलो.

पद्धत सगळ्यांची तीच: परत आलेला आकडा पोझिशनमध्ये मिळवायचा आणि पुढच्या कॉलला बफरच्या आकारातून पोझिशन वजा करून द्यायची. पण हे फंक्शन किती अक्षरं लिहिली ते सांगत नाही. जागा असती तर किती लिहिली असती, ते सांगतं. समजा बफर ६४ बाइटांचा, ६० भरलेले, पुढचा तुकडा १० अक्षरांचा. आत जातात ३ अक्षरं आणि शेवटचा शून्य बाइट, हाती मात्र येतो १०. पोझिशन झाली ७०. आता ६४ वजा ७०, आणि आकार ज्या प्रकारात ठेवतात त्या साइझ_टीला उणे आकडा ठाऊकच नाही. ६४ बिटांच्या मशीनवर पुढच्या कॉलला कळतं की १८४४६७४४०७३७०९५५१६१० बाइट शिल्लक आहेत! मग ते बफरबाहेर लिहीत सुटतं. माझ्याकडे त्यामुळे बफरशेजारचा काउंटर बिघडायचा, तोही फक्त लांब नावांच्या नोंदींवर. दोन दिवस मी काउंटरचाच कोड चाळत बसलो. मर्यादा दिलेली आहे म्हटल्यावर या ओळीवर संशय आलाच नाही.

प्रत्येक कॉलनंतर तपासणी घातली की हे टळतं, मान्य. पण दहा तुकड्यांमागे दहा तपासण्या, आणि त्यातली एखादी राहतेच.

ओपन_मेमस्ट्रीममध्ये हा हिशेबच नाही. फाइलमध्ये लिहावं तसं एफप्रिंटएफ करत जायचं, बफर आपोआप वाढतो. एफफ्लश किंवा एफक्लोज केल्याशिवाय पॉइंटर आणि लांबी वाचायची नाही, आणि काम झालं की बफरची मेमरी फ्री करायची. वेगात मला तरी फरक जाणवला नाही. माझा मजकूर शेवटी डिस्कवरच जातो, कदाचित म्हणूनही असेल.

अडचण एवढीच की हे पॉझिक्स २००८ (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड) मधलं आहे, विंडोजच्या सी लायब्ररीत मिळत नाही. मायक्रोकंट्रोलरवर हीप (मॅलॉकने मिळणारी मेमरी) टाळत असाल तरीही एसएनप्रिंटएफच बरं. लिनक्सवरच राहणार असाल, तर त्या लूपपुरतं तरी मेमस्ट्रीम वापरून बघा.