एफआययूच्या नावाखाली १,००,३०० रुपये गेले

घरखर्चाचं ॲप एकट्याने बनवणाऱ्यांसाठी लिहितोय. ‘अकाउंट ॲग्रिगेटरचा (ग्राहकाच्या संमतीने त्याचा बँक-डेटा पोचवणाऱ्या मध्यस्थाचा) ॲक्सेस काढून देतो, लायसन्सची भानगड नाही’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. ग्राहकाचा बँक-डेटा घेणारा, म्हणजे एफआययू (फायनान्शियल इन्फर्मेशन युजर), हा रिझर्व्ह बँक, सेबी, आयआरडीएआय किंवा पीएफआरडीए यांच्यापैकी कुणाच्या तरी नियंत्रणाखालचाच लागतो. आपण त्यात बसत नाही. हे मला पाठ होतं हो! पण एकाने फोनवर सांगितलेलं ‘आमच्या एफआययूखाली तुमचं ॲप चालेल’ हे पटलं, कारण टेक्निकल सर्व्हिस प्रोव्हायडर (एफआययूचं तांत्रिक काम करणारा) म्हणून अशी कामं खरंच चालतात. शिवाय बँकेच्या नोंदींची सीएसव्ही फाइल हाताने टाकून वापरणारे कंटाळले होते.

आधी २५,००० आयएमपीएसने. मग त्याने डेटा मिळवायची एपीआय की दिली: ‘लाइव्ह डेटा आहे, आमच्याच माणसाचं खातं, संमतीसह.’ मी रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवतो. एका पैशाने ताळा चुकला तरी ॲप ओरडतं. ओरडलं. शिल्लक १२,४५०.००, नावे ३४०.००, म्हणजे पुढे १२,११०.०० हवेत. होते १२,१६०.००. तिथेच कळायला हवं होतं. पण एकाच दिवसाच्या नोंदी उलटसुलट आल्या की साखळी तुटते, हे आमचं रोजचं रडगाणं. क्रम बदलून पाहिला, जमेना, तर त्या खात्यापुरती ताळ्याची ओळच कॉमेंट करून टाकली. बनावट डेटा पकडणारी एकच ओळ, तीही मीच बंद केली आणि उरलेले ६०,००० अधिक जीएसटी १५,३०० पाठवून मोकळा झालो. त्यानंतर एपीआय की बंद, फोन बंद.

बिल प्रायव्हेट लिमिटेडचं. जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर म्हणजे पॅनचं चौथं. कंपनी असेल तर सी, व्यक्ती असेल तर पी. इथे पी. पोर्टलवर क्रमांक टाकून फुकट तपासता येतो, मी पैसे गेल्यावर टाकला: नोंदणी रद्द. संमती म्हणाल तर ती ॲग्रिगेटरच्या स्वतःच्या ॲपमध्ये दिसते आणि तिथूनच मागे घेता येते. ती दाखवा म्हणावं, मगच पुढचं बोलावं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. मी चौथ्या दिवशी केला, तोवर समोरचं खातं रिकामं. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पाठवलेत, हा अनधिकृत व्यवहार नव्हे. म्हणजे अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने दिलेलं संरक्षणही गेलं. पोलीस ठाण्यात ‘करार केलाय ना? मग दिवाणी मामला, वकील गाठा’. अहो, करार करणारी कंपनीच खोटी आहे! त्यावर ‘ॲग्रिगेटर म्हणजे ते कर्जाचं ॲप का?’ तीनदा समजावलं. तिसऱ्या खेपेला साहेबच बदललेले, पुन्हा श्रीगणेशा. स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणा म्हणाले. नेल्या, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र कुठाय? हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? ते प्रमाणपत्र आधीच करून न्या, चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका.

‘टेस्टिंगला’ त्याने माझा नेटबँकिंगचा पासवर्डही मागितला होता. तो दिला नाही, तेवढाच वाचलो.