बॅक टू द फ्यूचरचा फोर-के संच: रिमोट हातात धरून बघणाऱ्यांसाठी

नुसती गोष्ट बघायची असेल तर हा संच घेऊ नका. तिन्ही सिनेमे अधूनमधून ओटीटीवर येतात, तेवढ्यावर काम भागतं. पॉज करून पाट्या वाचायची आणि मागे जाऊन दोन फ्रेम ताडून बघायची खोड असेल, तरच पुढचं वाचा.

पहिल्या भागाला ३५ वर्षं झाली म्हणून युनिव्हर्सलने ऑक्टोबर २०२० मध्ये हा संच काढला. आत सात डिस्क आहेत. तीन फोर-के, त्याच सिनेमांच्या तीन ब्लू-रे आणि एक निव्वळ पुरवणीची. फोर-केवर चित्रातला उजेड-अंधार खुलवणारं डॉल्बी व्हिजन आणि चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजासाठी अ‍ॅटमॉस आहे.

संचाची परीक्षा पहिल्या काही मिनिटांतच होते. कालयंत्र बनवणाऱ्या डॉक ब्राउन या शास्त्रज्ञाच्या खोलीतल्या घड्याळांवरून कॅमेरा सरकतो. त्यातल्या एका घड्याळाच्या काट्याला एक चिमुकला माणूस लोंबकळतोय. तो हॅरॉल्ड लॉइड, १९२३ च्या 'सेफ्टी लास्ट'मधला. शेवटी कोर्टाच्या घड्याळाला डॉक कसा लटकणार, हे तिथेच सांगून झालेलं असतं. पुढे भिंतीवरचं कात्रण ब्राउन घराण्याचा वाडा जळाल्याचं सांगतं, टीव्हीवर प्लुटोनियम चोरीची बातमी लागते, आणि डॉकचा पोरसवदा दोस्त मार्टी याचा स्केटबोर्ड घरंगळत जाऊन नेमका त्या प्लुटोनियमच्या पेटीला थडकतो. अ‍ॅम्प्लिफायरवर 'सीआरएम ११४' लिहिलंय, ते कुब्रिकच्या 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मधल्या रेडिओयंत्राचं नाव. स्ट्रीमिंगमध्ये डेटा वाचवायला गडद भाग आधी दाबला जातो, त्यामुळे ही सगळी अंधारी खोली तपकिरी ठिगळांची दिसते. फोर-के डिस्कवर पितळी तबकड्या एकेक सुट्ट्या होतात आणि लॉइड महाशय न शोधता सापडतात.

दिग्दर्शक झेमेकिस आणि त्याचा सहलेखक गेल यांनी लपवलेल्या गोष्टी नुसत्या गमतीच्या नाहीत. बहुतेकांना कारण आहे आणि परिणामही. सुरुवातीला मॉलच्या पाटीवर 'ट्विन पाइन्स' आहे. डिलोरियन गाडीचं कालयंत्र घेऊन १९५५ मध्ये गेलेला मार्टी म्हाताऱ्या पीबडीच्या शेतातलं पाइनचं एक रोपटं गाडीखाली घेतो. परत येतो तेव्हा पाटीवर 'लोन पाइन'. ही जोडी बहुतेकांना ठाऊक असते. कोर्टाच्या घड्याळाखालचा दगडी कठडा मात्र निसटतो. वीज पडण्याआधी डॉकच्या पायाखाली त्याचा तुकडा तुटतो. मार्टी १९८५ ला परततो तेव्हा कठड्याला ती खोक आहे, सिनेमाच्या सुरुवातीच्या १९८५ मध्ये नव्हती. दोन्ही फ्रेम पाठोपाठ बघायच्या असतील तर प्लेअरचा बुकमार्क वापरा, मागे-पुढे पळवत बसू नका.

कोर्टासमोरच्या चौकासाठी वेगळी बैठक ठेवा. तिन्ही भागांतली प्रत्येक काळातली चौकाची पहिली फ्रेम थांबवायची आणि दुकानांच्या पाट्या डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. १९५५ मधला लूचा कॅफे १९८५ मध्ये एरोबिक्सचा वर्ग झालाय. चित्रपटगृहावर १९५५ मध्ये 'कॅटल क्वीन ऑफ मोंटाना' लागलाय आणि त्यात रोनाल्ड रेगन आहे. म्हणून 'राष्ट्राध्यक्ष कोण?' या डॉकच्या प्रश्नावर मार्टी रेगनचं नाव सांगतो आणि डॉक जो भडकतो, त्याची तयारी आधीच झालेली असते. स्टॅटलर हे घराणं १९८५ मध्ये टोयोटा विकतं, १९५५ मध्ये स्टुडबेकर आणि १८८५ मध्ये घोडे. खलनायक बिफ ज्या शेणखतात पडतो ते डी. जोन्सचं, १८८५ मधली खताची गाडी ए. जोन्सची. धंदा पिढीजात आहे. ही पाटी ब्लू-रेवरही वाचता येते. टीव्ही ४३ इंचांचा असेल तर फोर-केचा फायदा पाट्यांपेक्षा अंधाऱ्या प्रसंगांत जास्त दिसेल.

दुसऱ्या भागात वर्तमानपत्रं वाचा. २२ ऑक्टोबर २०१५ च्या 'यूएसए टुडे'त मुख्य बातमी डोळ्यांदेखत बदलते. तिच्या आसपासच्या छोट्या मथळ्यांत 'राणी डायना' वॉशिंग्टनला येणार असल्याचं छापलंय. जुन्या वस्तूंच्या दुकानाच्या काचेआड झेमेकिसच्याच सिनेमातल्या रॉजर रॅबिट या सशाचं बाहुलं आहे, म्हणजे दिग्दर्शकाने स्वतःचंच सामान मांडलंय. बिफ टबात बसून क्लिंट ईस्टवुडचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' बघतो, तो प्रसंग विसरू नका. छातीवर लोखंडी पत्रा बांधायची ती युक्ती तिसऱ्या भागात मार्टीला वाचवते. कचऱ्यावर कालयंत्र चालवणारं मिस्टर फ्यूजन मुळात क्रुप्सचं कॉफी दळायचं यंत्र आहे, आणि फोर-केत ते अगदीच उघडं पडतं.

उघडं पडण्याची दुसरी बाजूही आहे. मार्टीचा बाप जॉर्ज झालेला क्रिस्पिन ग्लोव्हर दुसऱ्या भागात नव्हता. त्याच्याजागी जेफ्री वाइसमनला नकली हनुवटी-नाक लावून उभं केलं, आणि म्हातारा जॉर्ज २०१५ मध्ये उलटा टांगलेला दाखवला. डीव्हीडीवर खपून गेलं, इथे नाही. तसंच वीज, ज्वाळा किंवा उडती गाडी आली की चित्र किंचित मऊ होतं आणि फिल्मचे दाणे वाढतात. डिस्क खराब नाही. तेव्हा अशा दृश्यांचे थर ऑप्टिकल प्रिंटरवर एकमेकांवर चढवत, आणि प्रत्येक फेरीत फिल्म एक पिढी खाली जाई, म्हणजे प्रतीची प्रत निघे. टीव्हीच्या सेटिंगमधलं 'नॉइज रिडक्शन' आणि 'मोशन स्मूदिंग' बंद करा, नाहीतर दाण्यांबरोबर पाट्यांवरची अक्षरंही पुसली जातील.

तिसऱ्या भागाला लोक उगाच कमी लेखतात. १९५५ च्या ड्राइव्ह-इन थिएटरपाशी मार्टी ईस्टवुडचं नाव घेतो, डॉक म्हणतो कोण ईस्टवुड? तिथल्याच पोस्टरांवर 'रिव्हेंज ऑफ द क्रीचर' आणि 'टॅरेंटुला' आहेत. दोन्ही १९५५ चे, आणि दोन्हींत तरुण ईस्टवुड बारक्याशा भूमिकेत, श्रेयनामावलीत नावही नाही. तीन चित्रपटांतला हा सगळ्यात चलाख विनोद. क्लेटन दरीची पाटी शेवटी 'ईस्टवुड दरी' होते, तोही त्याचाच धागा, कारण १८८५ मध्ये मार्टी आपलं नाव क्लिंट ईस्टवुड सांगतो.

चुका शोधणाऱ्यांनाही खाद्य आहे. १९५५ च्या नाचात मार्टी वाजवतो ती गिब्सन ईएस-३४५ गिटार तेव्हा बाजारात आलीच नव्हती. वेगाचा मीटर मात्र मुद्दाम बदललेला. त्या काळच्या अमेरिकी नियमामुळे कारखान्यातून आलेल्या डिलोरियनवर आकडे ८५ मैलांपर्यंतच होते, आणि गोष्टीत कालप्रवासाला हवे होते ८८, म्हणजे ताशी साधारण १४२ किलोमीटर.

पुरवणीची सातवी डिस्क पातळ आहे. बेन स्टिलर, जॉन क्रायर वगैरेंच्या जुन्या ऑडिशन एकदा बघायला ठीक. खरा माल सिनेमांच्या डिस्कवर आहे. बॉब गेल आणि निर्माता नील कॅन्टन यांची कॉमेंट्री लावा, ती प्रसंगाबरोबर चालते. झेमेकिस-गेल यांची दुसरी कॉमेंट्री म्हणजे विद्यार्थ्यांसमोरची प्रश्नोत्तरं. पडद्यावर काय चाललंय याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. वगळलेल्या प्रसंगांत म्हातारा बिफ २०१५ ला परतून विरून जातो तो तुकडा मात्र बघाच. मूळ सिनेमात तो छाती धरून का कळवळतो, ते त्याशिवाय कळत नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी बघा. फोर-के डिस्कला प्रदेशाचं कुलूप, म्हणजे ठरावीक प्रदेशाच्याच प्लेअरवर चालायची अट, नसतं, ब्लू-रेला असू शकतं. भारत प्रदेश सी आहे आणि अमेरिका ए, तेव्हा मागवण्याआधी विक्रेत्याला विचारा. आणि जुन्या बाजारात २००२ चा डीव्हीडी संच स्वस्तात दिसला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कच्या कडेला 'व्ही२' छापलंय का ते पाहा. पहिल्या खेपेत या दोन भागांची चौकट चुकीच्या जागी कापली गेली होती, युनिव्हर्सलला डिस्क बदलून द्याव्या लागल्या. 'व्ही२' नसेल तर ती खेप तशीच ठेवून द्या.