रेईश मागूश : आधी चर्च, मग किल्ला

पणजीहून बेतीची फेरीबोट घ्या; पलीकडे उतरून वेऱ्याच्या रस्त्याने तीनेक किलोमीटर. बहुतेक जण थेट तिकीट काढून किल्ल्यावर चढतात आणि उतरताना चर्चला बाहेरूनच हात जोडतात. क्रम उलटा ठेवा. किल्ला 1551 चा, चर्च 1555 चं, बार्देशातलं पहिलं. तटाच्या आत चर्च पाहायचं असेल तर तेरेखोलला जा. इथे चर्च पायथ्याशी आणि तट त्याच्या डोक्यावर.

चर्चच्या जिन्यापाशी कोरलेले सिंह नीट बघा, त्यांची धाटणी विजयनगरी मानतात. आत वेदीवर बाळ येशूपुढे आलेल्या तीन राजांचं रंगीत लाकूडकाम आहे. गावाला नावही त्यांच्यावरूनच. 1570-71 मध्ये आदिलशाहीचा वेढा परतवणारा पोर्तुगीज व्हाइसरॉय लुईश द अताईद इथेच पुरलेला आहे. त्याचा थडग्याचा दगड पाहिला की वरच्या तोफांचा संदर्भ लागतो. 1739 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देस घेतलं, तेव्हाही हा किल्ला आणि आग्वाद पडले नाहीत.

किल्ला 1993 पर्यंत तुरुंग होता, दुरुस्तीनंतर 2012 पासून खुला आहे. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांचं दालन चांगलंच, पण खरी मजा भिंतींत. जांभा पाणी पितो. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर सोडतो. सिमेंट मात्र ते आत कोंडतं, मग क्षार फुलतात आणि चिऱ्याचा पापुद्रा सुटतो. जुन्या भिंतीवर बोटाचं पेर हलकेच वाजवा. पोकळ आवाज आला तर गिलावा चिऱ्यापासून सुटलाय. (गोव्यातल्या जुन्या घरांनाही हीच परीक्षा लावा.)

किल्ल्याला दीड तास, चर्चला वीस मिनिटं पुरे. सोमवारी किल्ला बंद. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. रविवारी सकाळी मिस्सा चालू असेल तर बाहेर थांबा. आणि 6 जानेवारीच्या फेस्ताला गेलात तर तीन मुलगे राजे होऊन घोड्यावरून येतात. त्या दिवशी गाडी बेतीलाच ठेवलेली बरी.

पाचांपैकी साडेचार. अर्धा कापला, कारण तटावर दुपारी सावलीच नाही.