16,800 रुपयांचा नॉब आणि त्याखाली न जोडलेला पाइप

गाडीच्या ब्रेकपायी एकूण 1,00,150 रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो खरा सांगायला मला तीन महिने लागले.

गाडी मारुती एस्टीम, 2005 ची, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली. मागचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायची हौस माझीच, ते नाकारत नाही. पुणे-सातारा रस्त्याकडच्या एका गॅरेजने त्याचे 38,500 घेतले. पहिल्याच पावसात मागची चाकं पुढच्यांच्या आधी जाम व्हायला लागली. होणारच. ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागची बाजू हलकी होते. कंपनीने मागचं प्रेशर ड्रमच्या हिशेबाने ठेवलेलं, त्यावर आम्ही मोठ्या पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) चढवले. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गर्रकन फिरते, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर लगेच परत गेलो! हलगर्जीपणा केला नाही. दुरुस्त करायला गेलो आणि तिथेच लुटला गेलो.

"दादा, इंपोर्टेड ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह टाकू. गिअरशेजारी नॉब येईल. मागचा ब्रेक पाहिजे तेवढा कमी-जास्त करा." व्हॉल्व्हचे 16,800, बॅलन्सिंगची मजुरी 6,500, ब्रेक ऑइलचे 1,200. पक्कं बिल मागितलं तर गॅरेजवाला म्हणाला, "कशाला जीएसटी भरता?" पैसे गॅरेजच्या खात्यावर नाही, तिथल्या पोराच्या मोबाइल नंबरवर. असं कुणी सांगितलं तर तिथूनच मागे फिरा.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते. गाडी ताब्यात घेताना मी बॉनेट उघडलं होतं. ब्रेक ऑइलची डबी समोर होती आणि आतलं ऑइल काळं, रात्रभर राहिलेल्या चहासारखं. व्हॉल्व्ह बसवायचा तर पाइप सोडावा लागतो, ऑइल गळतं, सगळ्या लाइनींची हवा काढावी लागते, वरून नवीन ऑइल ओतत राहावं लागतं. डबीत फिकट पिवळं, स्वच्छ ऑइल दिसायला हवं होतं. मी विचारलंसुद्धा. "जुनं चांगलं होतं, तेच वापरलं." मग 1,200 कशाचे? हा एक प्रश्न तोंडातून निघाला नाही. संध्याकाळचे साडेसात झाले होते, मुलीला क्लासवरून आणायचं होतं. तेवढं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी ब्रेकमध्ये तसूभर फरक नव्हता. "पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल." नवे पॅड सेट व्हायला वेळ लागतो, व्हॉल्व्ह नाही. फिरवला त्या क्षणी प्रेशर बदलायला हवं. मोकळ्या, ओल्या मैदानात कमी वेगाने जोरात ब्रेक मारा आणि बाहेर उभ्या मित्राला व्हिडिओ काढायला सांगा: पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. मी हे काम झाल्यावर केलं नाही, कारण काम करणाऱ्यावर विश्वास ठेवला होता.

जुलैत जुन्या कात्रज घाटात, उतारावर, पुढचा टेम्पो थांबला. वेग जेमतेम चाळीस. ब्रेक दाबला आणि मागची बाजू डावीकडे सुटली, कठड्यावर आदळली. बायको आणि मुलगी गाडीत होत्या. कुणाला खरचटलंही नाही, पण मुलगी अजून घाटात डोळे मिटून बसते. पत्रा, बंपर, दिवा: 27,400.

हडपसरच्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली. नॉबखालून पाइपचे वीतभर लांबीचे दोन तुकडे निघाले होते आणि दोन्हींच्या तोंडाला बूच. ब्रेकच्या लाइनीशी काडीचा संबंध नाही. वर ते म्हणाले, "साहेब, या गाडीत पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्या. मागे एकच पाइप जातच नाही, मग एक व्हॉल्व्ह दोन्ही चाकं कसा सांभाळणार?" म्हणजे जोडला असता तरी तो उपाय चुकीचाच. पैसे देण्याआधी आपल्या गाडीची लाइन डायगोनल (अशी तिरपी) आहे की पुढची-मागची वेगळी, एवढं विचारा. जो अडखळेल त्याला ब्रेकला हात लावू देऊ नका. पुन्हा ड्रम बसवायचे 9,750 लागले.

चौकीत गेलो. "पैसे तुम्ही दिले, काम त्याने केलं, ही दिवाणी बाब." अहो, काम केलंच नाही, हेच तर सांगतोय! दुसऱ्या दिवशी वेगळे साहेब, पुन्हा पहिल्यापासून कथा. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. परिवहन कार्यालयात तर मलाच आरोपी केलं: "मॉडिफिकेशन केलंच कशाला, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 माहीत आहे का?" माझी चूक असेल तर दंड घ्या, पण दोन माणसांचा जीव धोक्यात घालणाऱ्या गॅरेजला कोण विचारणार? ते खातं आमचं नाही म्हणे. विमा कंपनीने बदल कळवला नव्हता म्हणून क्लेम फेटाळला. तीन दारं, तिन्ही ठिकाणी मीच गुन्हेगार.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. माझ्याकडे कच्चं बिल, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि मिस्त्रींनी रॅम्पवर काढलेले फोटो आहेत. ते बूच मी काढू दिलेलं नाही, तुम्हीही पुरावा सुटू देऊ नका.

परवा त्याच गॅरेजसमोर एक जुनी झेन उभी होती, गिअरशेजारी तसाच लाल नॉब. गाडीचा मालक पंचविशीतला. मी थांबून त्याला म्हटलं, पैसे द्यायच्या आधी गाडी जॅकवर घे आणि पाइप कुठे जातो ते स्वतः बघ. आतून गॅरेजचा मिस्त्री शिव्या देत आला. झेनवाल्या पोराने पैसे द्यायला खिशातला मोबाइल काढला होता, तो परत खिशात ठेवला.