ओरिजनलचे पैसे घेऊन भरलेल्या कार्ट्रिज माझ्या गळ्यात मारल्या

घरच्या प्रिंटरला ओरिजनल कार्ट्रिज (शाईची डबी) घ्यावी की कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कंपनीची पण त्याच प्रिंटरला चालणारी, असं कुणी विचारलं की लोक लगेच सांगतात, "थोडे जास्त गेले तरी ओरिजनलच घे, मग डोक्याला ताप नाही." मी तेच केलं. जास्तीचे पैसे मोजले आणि ओरिजनलच्या खोक्यात कुणीतरी सुईने भरलेल्या जुन्या कार्ट्रिज घरी आणल्या.

आधी हिशेब. चार रंगांच्या ओरिजनल संचाची किंमत 100 धरा. कंपॅटिबल संच 30 ला मिळत होता. मी 82 मोजले. निम्म्या किमतीत ओरिजनल देतो म्हणणाऱ्याकडे मी फिरकलेही नसते, पण 18 ची सूट कुणालाही खरी वाटते, आणि हे लोक नेमकं तेच ओळखून किंमत लावतात. बाकी सगळं नेहमीचंच: भरपूर तारे, चांगले अभिप्राय, "स्टॉक संपत आला". ते पुन्हा सांगत बसत नाही.

30 वाला संच मी का सोडला, तेही सांगते, कारण "हावरटपणा नडला" असं मला ऐकवून झालंय. काही प्रिंटरमध्ये हेड, म्हणजे कागदावर शाई फवारणारा भाग, कार्ट्रिजलाच असतं, त्यामुळे खराब कार्ट्रिज काढून टाकली की हेडही बदललं जातं. माझ्या प्रिंटरचं हेड मशीनमध्ये बसवलेलं आहे. शिवाय काळी शाई पिग्मेंटची (न विरघळणाऱ्या बारीक कणांची), बाकीचे तीन रंग डायचे (विरघळलेल्या रंगाचे). भलतीच शाई गेली तर नुकसान मशीनचं होणार, म्हणूनच मी महागडा रस्ता धरला. हावरट माणूस 82 देत नाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून अंगाची लाही होते. काळी कार्ट्रिज बसवली आणि पडद्यावर आलं: ही कार्ट्रिज आधी वापरलेली आहे, शाईची पातळी दाखवता येणार नाही, पुढे जायचं का? मशीन सरळसरळ सांगत होतं! मी विकणाऱ्याला लगेच मेसेज केला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "मॅडम, नवीन बॅच आहे, प्रिंटरचं सॉफ्टवेअर जुनं आहे म्हणून दाखवतं. ओके दाबा." तेव्हा मला हे पटण्यासारखंच होतं, कारण अपडेटनंतर प्रिंटर चांगल्या कार्ट्रिजही नाकारतात हे खरं आहे. 2016 च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या कित्येक प्रिंटरनी इतर कंपन्यांच्या कार्ट्रिज अचानक नाकारल्या होत्या, त्यावर केवढा गदारोळ झाला. (माझा प्रिंटर त्या कंपनीचा नाही.) असे खोटे इशारे देऊन देऊन कंपन्यांनीच खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवली आहे. मी ओके दाबलं. तुम्ही दाबू नका. त्या पडद्याचा फोटो काढा, कार्ट्रिज बाहेर काढा, आणि मगच विकणाऱ्याशी बोला.

खोक्यावर 480 पानं लिहिली होती. काळी 134 पानांत संपली. विचारलं तर म्हणे, घरी कमीच निघतात. अर्धं खरं बोलून फसवायची ही रीत. पानांचा तो आकडा आयएसओ 24711 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरलेली पानं सलग छापून काढतात, त्यामुळे मध्ये मध्ये छापणाऱ्याला कमी मिळतात हे कबूल. पण 134? तोवर अक्षरांना पांढऱ्या रेघा यायला लागल्या होत्या. हेड क्लीनिंग चालवलं, तर त्यात चारही रंगांची शाई खर्च झाली आणि रेघा तशाच राहिल्या. शेवटी छापलेल्या कागदावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला. काळ्या अक्षरांचा निळसर ओघळ झाला. पिग्मेंटची काळी शाई वाळल्यावर अशी विरघळत नाही. ही परीक्षा पहिल्याच पानावर करा, फुकट आहे. कार्ट्रिज उलटीपालटी करून पाहिली तर लेबलखाली बारीक भोक आणि त्यावर डिंकाचा ठिपका.

दुरुस्तीवाल्याने तपासणीचे 11 घेतले, हेडचे 95. 82 धरून एकूण 188. नवा प्रिंटर 190 ला येतो.

आणि मग दाद मागायला निघाले. ज्या साइटवरून घेतलं ते म्हणाले, उघडलेली कार्ट्रिज परत घेत नाही. अहो, न उघडता ती खोटी आहे हे कळणार कसं? प्रिंटर कंपनीने वॉरंटी नाकारली, कारण आत बाहेरची शाई सापडली. बनावट मालाची तक्रार करायचा त्यांचा फॉर्म मी फोटोंसकट भरला. उत्तर आलं: माहितीबद्दल आभार, व्यवहार विक्रेत्याशी मिटवा. म्हणजे माझी शाई बनावट आहे हे वॉरंटी नाकारताना त्यांना पक्कं ठाऊक, आणि तेच लेखी द्या म्हटलं तर "खासगी ग्राहकांना असं प्रमाणपत्र देत नाही". ग्राहक तक्रार कार्यालयाला नेमकं तेच प्रमाणपत्र हवं! पोलिसांकडे गेले तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "माल मिळाला ना? मग हा ग्राहकांचा विषय." ग्राहक कार्यालय म्हणतं बनावट माल पोलिसांचा विषय. कार्ट्रिजवर प्रिंटरला तिची ओळख सांगणारी चिप असते, तिचा क्रमांक आहे, खोक्याचा क्रमांक आहे, पैसे कुणाच्या खात्यात गेले ते आहे. चौघांपैकी एकानेही तो क्रमांक लिहून घेतला नाही. परक्या कार्ट्रिज अडवायला चिप चालते, चोर पकडायला चालत नाही का?

जुन्या कार्ट्रिज भरून विकण्यावर माझा राग नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात म्हटलंच आहे की कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा कंपनीचा पेटंट हक्क संपतो. स्वतःच्या नावाने, "रिफिल" असं लिहून, 30 ला विकणारा माझ्या लेखी सरळ माणूस आहे. त्याला निवडलं असतं तर निदान काय घेतोय हे मला माहीत असतं.

खोकं फेकू नका. उघडताना व्हिडिओ काढा. परतीची मुदत संपायच्या आत चारही कार्ट्रिज बसवून पाहा, मी तीन रंग कपाटात ठेवले होते आणि मुदत तिथेच गेली. होलोग्रामची खूण कंपनीच्या साइटवर पाहून ताडा, विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवरून नाही. आणि पुरावा मागितला तर कार्ट्रिज कुणालाही पोच घेतल्याशिवाय देऊ नका. विकणाऱ्याने "बदलून देतो, आधी जुन्या पाठवा" म्हणून दोनदा मागितल्या, मी दिल्या नाहीत.

त्याचं दुकान आता साइटवर दुसऱ्या नावाने आहे. फोटो तेच, किंमत तीच, 82. मी त्या नव्या नावावरही तक्रार टाकली आहे. ज्यांनी याच्याकडून संच घेतलाय, त्यांनी आजच काळी कार्ट्रिज काढून लेबलखाली पाहावं, आणि भोक दिसलं तर आपलीही तक्रार नोंदवावी. एकटीच्या तक्रारीला अजून कुणी क्रमांकसुद्धा दिलेला नाही.